डेल्विनाची सुरी

सेंट मेरी उपसागराच्या काठी, मासळीच्या कारखान्यात डेल्विना कोमो एकतीस वर्षं हॅडॉक मासे कापत उभी होती. तिची सुरी आली तेव्हा चांगली दोन बोटं रुंद होती. सकाळी निसण्याच्या दगडावर घासायची, जेवणाआधी पुन्हा निसण्यावर. झिजता झिजता पातं विलोच्या झाडाच्या अरुंद पानाएवढं उरलं. पण फासळीवरून असं वाकत जायचं, की मागं राहिलेला सांगाडा मांजरानंसुद्धा हुंगून सोडावा. लाकडी मुठीत तिच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला. कारखान्यात एकवेळ नवरा उसना मिळेल, सुरी नाही, असं बायका म्हणायच्या.

त्या वसंतात नियम आला : लाकडी मूठ बंद. मुकादम वेंडेलनं पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुऱ्या वाटल्या. नवं पातं रुंद नि ताठ, नव्या पाद्र्यासारखं. वाकायचं नाव घेईना. सोमवारीच वेंडेलनं तिनं कापलेल्या माशाचा सांगाडा उचलून उजेडात धरला.

"डेल्विना, एवढं मांस सोडताय? शनिवारी परत बघतो. नाही जमलं तर खोकी भरायला जा."

खोकी भरायला म्हणजे म्हातारी झाली, असं चारचौघांत सांगणंच.

संध्याकाळी ती घराच्या पायरीवर निसणा घेऊन बसली नि नवी सुरी कराकरा घासायला लागली. कुंपणापलीकडून भावजय ओडील ओरडली, "काय गं, दरोडा घालायचाय?"

"हिला म्हातारी करतीय."

"मग ठेव की उशाशी. तुझं तोंड बघून आपोआप होईल!"

पाच संध्याकाळी घासली. मुद्दाम झिजवायला बसल्यावर कळलं, पोलाद किती चिवट असतं ते. मग जुन्या सुरीचं एवढं पोलाद गेलं कुठं? थोडं मासळीत, थोडं गटारात. उरलेलं आपल्या मनगटात असावं, तिला वाटलं. ढग आले की तिथंच ठणकायचं.

शनिवारी वेंडेलनं सांगाडा उजेडात धरला. आरपार दिसला, कंगव्यासारखा. मग त्याची नजर सुरीवर गेली. पातं निम्मं उरलं होतं.

"कारखान्याची नवी सुरी! काय केलंत हिचं?"

"वापरली."

"सहा दिवसांत?"

"एकतीस वर्षं थांबायला सवड कुठं होती, बाबा?"

त्यानं सांगाडा टोपलीत टाकला नि पुढच्या बाईकडं गेला. डेल्विनानं पुढचा हॅडॉक ओढला.