बोईची अंडी

त्या वर्षी पावसाळा नुसताच निघून गेला. दिवाळीनंतर शहरात, आमच्या गारखेडा भागात, नळाची वाट बघणं सोडून लोक टँकरची वाट बघू लागले. मी तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होते. विषय होता बोई या समुद्री माशाची पैदास. समुद्रापासून इतक्या लांब हे कशाला, असं सगळे विचारायचे. कालव्याच्या पट्ट्यात खारपड झालेल्या जमिनीत पीक येत नाही, तिथं तळी करून हा मासा जगेल, अशी आमच्या सरांची आशा होती.

अडचण अशी, की कोंडलेली बोई अंडी सोडत नाही. पोटात अंडी वाढतात; पण मोकळ्या समुद्रात मेंदूकडून जो शेवटचा इशारा सुटतो, तो टाकीत सुटतच नाही. मग अंडी आतल्या आत विरून जातात. तो इशारा आम्ही संप्रेरकाच्या इंजेक्शननं देऊन बघत होतो. दोन वर्षं अपयशच येत होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावी त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. चारा-पाण्यावाचून निम्मी मेली, उरलेली त्यांनी विकली. माझ्या दोन खोल्यांत ते दिवसभर नुसते बसून असायचे.

एका दुपारी ते माझा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. मी टाकीत बादलीनं पाणी ओतत होते.

"हे कुठलं पाणी?"

"टँकरचं."

"प्यायचं?"

"व्हय, आबा. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. गोडं पाणी घातलं नाही तर मासे मरतील."

"माझी मेंढरं तहानेनं गेली, अन् तू माशाला पाजती?"

डबा टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यानंतर घरात ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

पुढं टंचाई वाढली आणि प्रयोगशाळेचं पाणी बंद करायचं ठरलं. ते चूक होतं, असं मी आजही म्हणणार नाही. सर म्हणाले, "आहे त्या पाण्यात एकदा शेवटचं करून बघू." बारीक नळीनं माद्यांच्या पोटातली अंडी काढून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एकाच मादीची अंडी पुरती वाढलेली होती. तिला पहिलं इंजेक्शन देऊन मी घरी आले आणि आबांना सांगितलं, "उद्या दुसरी सुई. मग टाकी बंद."

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले. मादी ओल्या फडक्यात उसळत होती, एका हातानं मला ती आवरेना.

"धरू का?" त्यांनी विचारलं.

"पोट दाबू नका."

"माझ्या हातात जित्राब कधी..." एवढं म्हणून ते थांबले. मासा मात्र त्यांनी अलगद धरला.

मी सुई टोचली आणि रात्री मादीनं अंडी सोडली. नराचं वीर्य घालून मी ती पिसानं हलवली, आणि पुढच्या दोन दिवसांत पिल्लं बाहेर पडली; पापणीच्या केसाहून बारीक, पारदर्शक. सर खुर्ची ओढून टाकीशीच बसले. आबा भिंग डोळ्याला लावून कितीतरी वेळ वाकलेले होते.

"जगतील का?"

"पाणी बदलत राहिलं तर."

संध्याकाळी आबा रिक्षातून दोन कॅन घेऊन आले. ते आमच्या घरचं पाणी होतं.

"आपल्याच वाट्याचं हाय. कुणाचं नाय घेतलं."

मीठ कालवलेल्या त्या पाण्यावर पिल्लं थोडे दिवस तगली. मग रोज तळाशी मेलेल्या पिल्लांचा पांढुरका थर साचू लागला, आणि एका सकाळी पाण्यात काहीच हललं नाही. मोठे मासे सरांनी कोकणात पाठवून दिले.

आबांनी पुन्हा मेंढरं घेतली नाहीत. आमच्या घरामागं नव्या इमारती उठत होत्या, तिथं ते राखणदार म्हणून बसायला लागले. पुढं मला कोकणातच मत्स्यबीज केंद्रात नोकरी लागली. "एकदा समुद्र बघायला या," असं मी दरवेळी म्हणायचे आणि ते मान डोलवायचे. त्यांचं येणं काही झालं नाही.