काऊन, कुठी आणि रुखसाना

रुखसाना कॉम्प्युटरला हुकूम सोडायची ते आपल्या बोलीत. माउसला ती सहसा हात लावत नसे. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, तीत रोमन अक्षरांत 'कुठी' लिहून पुढे एखादा शब्द टाकायची. तो शब्द ज्या ज्या फाइलीत असेल त्या त्या फाइलीचं नाव समोर हजर. 'काऊन' म्हणजे 'का'; ते लिहिलं की प्रोग्रॅममधली अमुक ओळ कोणी आणि कशासाठी बदलली ते दिसे. 'मांगं' म्हटलं की आधीच्या फोल्डरमध्ये परत. मशीनला हे शब्द मुळात कळत नाहीत. लांबलचक आज्ञांना तिनं ही टोपणनावं दिली होती. अशी नावं कोणालाही देता येतात, मलाही देता येत होती. पण मला ते कधी सुचलं नव्हतं, आणि खुपलं ते तिथेच.

चंद्रपुरातल्या त्या लहानशा कंपनीत आम्ही राइस मिलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करायचो. तिथे मी सगळ्यांत जुनी. रुखसाना बल्लारपूरची, वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. माझ्याहून बरीच लहान, म्हणून मला 'वर्षाताई' म्हणे. ती येण्याआधी असल्या युक्त्यांची मालकीण मीच होते. मी त्यांचं एक पान केलं होतं: शुद्ध इंग्रजीत, विषयवार, प्रत्येक आज्ञेखाली उदाहरण. सगळ्यांसाठी ठेवलं होतं, उघडत मात्र कोणी नसे. रुखसानाच्या युक्त्या डब्याच्या वेळी भाजीबरोबर वाटल्या जात. "तीच आज्ञा पुन्यांदा टाइप काऊन करून राह्यला तू?" ती कुणालातरी म्हणे. "कंट्रोल आणि आर दाब, दोन अक्षरं टाक. मशीनले मागचं सगळं आठवते." हीच युक्ती माझ्या पानावर अगदी वर होती. "वा, रुखसाना!" हे शब्द ऐकत मी पोळी चावत बसे.

एकदा न राहवून मी तिला म्हटलं, "ही असली नावं बाहेर कोणाला कळणार? मूळ आज्ञा पाठ पाहिजेत."

"पाठ हायेत ना, ताई," ती हसून म्हणाली. "पण मशीनले आपली बोली शिकवाले काय जाते? दरवेळी आपणच काऊन वाकाचं?"

 यावरचं उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

ऐन धानाच्या हंगामात सिंदेवाहीच्या एका मिलमध्ये पोत्यांच्या नोंदी दुबार पडायला लागल्या. आम्ही दोघी बसनं गेलो. त्या मिलचं काम सुरुवातीपासून माझ्याकडे होतं. कोंड्याच्या धुळीत बसून मी चूक शोधली, दुरुस्त केली. तोवर रुखसाना म्हाताऱ्या दिवाणजींशेजारी बसली होती. रोज तोच लांब हुकूम ते एकेका बोटानं टाइप करायचे. तिनं त्याचं नाव 'आज' ठेवून दिलं. दिवाणजींनी 'आज' लिहिलं आणि दिवसभरात आलेलं धान पडद्यावर आलं. ते लहान मुलासारखे हसले. पुढच्या वेळी मिलमालकांचा फोन आला तेव्हा मी साहेबांच्या समोरच बसले होते. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "त्या रुखसानाबाईले पाठवा. तिनं मांगच्या खेपेले झकास काम केलं."

माझ्या हाती एकच गोष्ट उरली होती. कोणाचंही काम पुढे जाण्याआधी दुसऱ्यानं तपासायचं, असा आमच्याकडे नियम होता आणि रुखसानाचं काम तपासायला माझ्याकडे येई. इतरांचं मी वरवर बघायची. तिचं मात्र तांदळातले खडे वेचावेत तसं वाचायची. तिची 'राहू दे' नावाची एक लाडकी आज्ञा होती. फाइल पुसून टाकण्याऐवजी ती एका बाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची. "पुसाचं काऊन? बाजूले ठेवाचं," असं ती सगळ्यांना सांगे. त्यात मला खोट सापडली: एकाच नावाच्या दोन फाइली बाजूला टाकल्या तर दुसरी पहिलीला खाऊन टाकत होती. हे मी डब्याच्या वेळी, सगळ्यांसमोर, करून दाखवलं.

रुखसाना पडद्यावर वाकली. "हाव ना! गेली की पहिली." लगेच तिनं फाइलीच्या नावापुढे वेळ जोडायची सोय केली आणि मोठ्यानं म्हणाली, "वर्षाताईनं वाचवलं रे बाबा!" सगळे पुन्हा म्हणाले, "वा, रुखसाना!"

मग नागपूरला शाखा काढायचं ठरलं. तिथली प्रमुख मी होणार, हे मी धरूनच चालले होते. भाड्यानं कुठे राहायचं, आईला सोबत न्यायचं का, इथपर्यंत विचार झाला होता. साहेबांनी रुखसानाचं नाव सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी ती पेढे घेऊन आमच्या घरी आली. माझ्या आईनं तिला बळेच जेवायला बसवलं आणि ती गेल्यावर म्हणाली, "किती गुणाची पोरगी हाय!" आपल्याच घरात हे ऐकावं लागलं. मी पेढा खाल्ला नाही.

ती निघाली त्या सकाळी मी बसस्टँडवर गेले. न जाणं फार दिसून आलं असतं. बॅग वर ठेवून ती खिडकीशी बसली आणि तिनं सरळच विचारलं, "ताई, तुमी माह्यावर जळता ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, "हो."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाकीचे नुसते वा वा करते. कोनी वाचतच नाई. तुमीच तेवढं बारीक पाहता. तिथी गेल्यावर माह्या चुका कोन काढंल? मी पाठवत जाईन, पाहजा."

बस हलली. मी हात केला की नाही, आठवत नाही.

ती खरंच पाठवते. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत, पण स्वतःचं काम ती आधी माझ्याकडे धाडते. परवा आलेलं मी वरपासून खालपर्यंत वाचलं. चूक नव्हती. नुसती चूक नव्हती असं नाही, मी महिनाभर जिथे अडले होते ते तिनं चार ओळींत सोडवलं होतं.  "ठीक आहे," एवढंच कळवलं.

लगेच तिचं उत्तर आलं: "ताई, नीट पाह्यलं ना?"

आई जेवायला हाका मारत होती. मी परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. कुठेतरी चूक असलीच पाहिजे.