स्वतःच्या अक्षरातला अर्ज

इंदापूरच्या कचेरीबाहेर तो नोकरीचे अर्ज लिहून द्यायचा. अर्ज उमेदवाराच्याच अक्षरात लागे, पण सरकारी कागदावर लिहायला लोक बिचकत. म्हणून तो आधी माणसाकडून चार ओळी लिहून घेई आणि मग हुबेहूब त्याच्या अक्षरात अर्ज उतरवी, वाकड्या वेलांट्यांसकट.

माझा लिहिताना मी म्हटलं, "जरा सुबक काढा की."

"नगं," तो म्हणाला, "उद्या नोकरीवर तुमालाच लिवायचं हाय."

मला त्याच कचेरीत कारकुनी मिळाली. पुढे तिथेच आणखी एक जागा निघाली, तेव्हा तो स्वतःचा अर्ज लिहायला बसला. दुपारी पाहिलं, तर कागद कोराच.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "माझं सोताचं अक्षर तुमी कदी बघितलंय का?"