एमआयडीसीमागच्या वस्तीत कोण कोण राहतं

जनगणनेचं काम संपलं. मोबाईलमधली माहिती वर गेली, गळ्यातली ओळखपत्रं जमा झाली. किस्से मात्र कुणी जमा करून घेतले नाहीत. ते आमच्याकडेच पडून आहेत. आता तिघं चहाला बसलो, की एकाचा संपेपर्यंत दुसऱ्याला त्याचा आठवतो.

तिघं म्हणजे खरात सर, शेख मॅडम आणि मी. तिघंही प्राथमिक शाळेत शिकवतो. ते दोघं जालन्याचेच, मी बदनापूरहून रोज ये-जा करते. आम्हाला एमआयडीसीच्या मागची वस्ती मिळाली होती. पुढे दोन मजली घरं, मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. लोखंडाच्या मिलमध्ये आणि बियाण्यांच्या प्लँटमध्ये कामाला जिथून जिथून माणसं आली, ती सगळी तिथे. त्यांची पोरं आमच्या शाळेत मराठी बोलतात, म्हणून आम्हाला वाटायचं, वस्ती आपल्याला माहिती आहे. दारोदार विचारायला लागलो तेव्हा कळलं, आपल्याला फक्त पोरं माहिती होती.

खरं सांगते, जायच्या आधी आम्ही घाबरलो होतो. मोबाईलवर काहीबाही फिरत होतं. कुणी दारावरून हाकलेल, धर्म-जात विचारली म्हणून अंगावर येईल, अशी धास्ती होती. काय काय झालं ते सांगते. नावं सगळी बदललीत. माहिती गुप्त ठेवायची, हे ट्रेनिंगमध्ये तीनतीनदा बजावलं होतं.

* * *

पहिल्या दिवशीचं तिसरं घर. नवरा आदिलाबादकडचा, तेलुगू. बायको बिहारची. दोघं बियाण्यांच्या प्लँटमध्ये एकाच मशीनवर कामाला होते, तिथेच लग्न जमलं.

मातृभाषा विचारली. नवरा म्हणाला, "तेलुगू." बायको म्हणाली, "भोजपुरी." इथपर्यंत ठीक होतं. मग मी विचारलं, "अन् मुलांची?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तेलुगूच लिवा," नवरा म्हणाला.

"का बरं? लेकरं बोलायला माझ्याजवळ शिकले का तुमच्याजवळ? तुम्ही तर डबल ड्यूटी करून राह्यलते."

"डबल ड्यूटी कुनासाठी करून राह्यलतो मंग?"

"मला काय माहीत कुनासाठी!"

दहा मिनिटं मी मोबाईल हातात धरून बसले. पाचवीतली मोठी पोरगी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, मराठी लिवा. यांना भांडाया दुसरी भाषाच न्हाई."

मग नवऱ्याने मान हलवली, बायकोनेही हलवली. मी मराठी लिहिलं.

* * *

खरात सरांच्या वाट्याला मिल कामगारांच्या खोल्या आल्या. ओडिशाची, झारखंडची पोरं, एका खोलीत दाटीवाटीने राहणारी. एका खोलीत सर सकाळी गेले. सहा जण झोपलेले होते. सर म्हणाले, उठवू कशाला, रात्रपाळी करून आलेत. संध्याकाळी गेले. सहा जण झोपलेले. सरांना वाटलं, बरं झालं, म्हणजे सहाच आहेत.

पण सर गणिताचे. खात्री केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकाला उठवलं आणि विचारलं, "कितने लोग रहते हो?"

तो झोपेतच म्हणाला, "छह."

सरांचं लक्ष खिडकीकडे गेलं. गजात ओळीने टूथब्रश अडकवले होते. अकरा.

"ये किसके?"

त्याने एक डोळा उघडला. "आप सोनेवालों का पूछे, कि रहनेवालों का?"

सरांनी पाळी बदलायच्या वेळेला, दोन्ही टोळ्या दारात समोरासमोर आल्या तेव्हा, सगळ्यांची नावं घेतली. बारा निघाले. बारावा कडुनिंबाची काडी वापरत होता.

* * *

शेख मॅडमचा किस्सा त्यांनीच सांगावा. त्या सांगताना चेहऱ्यावरची रेष हलू देत नाहीत.

वस्तीच्या तोंडाशी टोस्ट-खारीची भट्टी आहे. मालक उत्तर प्रदेशातले, वयस्क. मॅडमचं नाव ऐकलं आणि कौतुकाने म्हणाले, "आप मराठी बहुत अच्छी बोलती हैं. कहाँ की हैं?"

"जालन्याची."

"नहीं, वैसे नहीं. असल में?"

"असलमध्ये जुन्या जालन्याची," मॅडम म्हणाल्या. "माझे आजोबा इथले, त्यांचे आजोबाबी इथले. आता तुमचं सांगा. इथं कवा आल्ते?"

"हम तो बाहर के हैं. तीस साल हो गए."

"तीस वर्षं? पोरं कुठं झाले?"

"यहीं. तीनों."

"सुना कुठल्या?"

"एक अंबड की, एक यहीं की."

"मंग बाहेरचे कसे हो तुम्ही, चाचा?"

चाचांनी भट्टीतून एक ट्रे बाहेर ओढला. मग म्हणाले, "किसी ने बताया ही नहीं कि अंदर आ गए."

मॅडमना त्यांनी गरम टोस्ट बांधून दिले. ड्यूटीवर काही घ्यायचं नसतं म्हणून मॅडम नको म्हणाल्या. तर चाचा म्हणाले, "सरकार को नहीं दे रहा, जालनावाली को दे रहा हूँ."

* * *

एक किस्सा खरात सर सहसा सांगत नाहीत. त्यांना सांगायला लावावं लागतं.

पुढच्या ओळीत दादाराव म्हणून एक म्हातारे राहतात. रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. घरात सात माणसं. सर स्वतः बौद्ध, घरही बौद्ध. सरांना वाटलं, दोन मिनिटांचं काम.

दादारावांनी आधी खुर्ची पुसून दिली. पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाले, "सर, लिवा, पण जे लिवलं ते मला वाचून दाखवा."

सरांनी लिहिलं आणि वाचलं, "धर्म, बौद्ध."

"आता कारभारनीचं."

तिचं लिहिलं आणि तेही वाचलं. मुलाचं, सुनेचं, दोन नातवांचं. प्रत्येकाच्या वेळी दादाराव डोळे मिटून ऐकत होते. सर म्हणाले, "काका, सगळ्यांचं एकच तर आहे."

"असू द्या," दादाराव म्हणाले. "मी पोरगा होतो तवा असाच एक जन आल्ता लिवायला. सायकलवरून उतरला न्हाई. माझा बाप दारात उभा होता, सांगायला तयार. त्यानं बापाला इचारलंच न्हाई. आमच्याकडं बघून काय लिवायचं ते लिवलं अन् गेला. बाप लय दिवस म्हनत राह्यला, काय लिवलं असंल रे त्यानं?"

शेवटची राहिली होती ती तीन महिन्यांची नात. सुनेने तिला आणून दादारावांच्या मांडीवर दिलं.

"हिचंबी वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

सर एवढंच सांगतात आणि चहाचा कप उचलतात. त्या दिवशी आवाज मोठा निघाला की नाही, ते आम्ही विचारत नाही.

* * *

आणि हे शेवटच्या दिवसाचं.

मागच्या रांगेतली एक खोली उघडत नव्हती. मी तीनदा जाऊन आले. बाहेर कुलूप नाही, आतून कडी. शेजारीण म्हणाली, "हायेत की आत. बंगालकडले हायेत. कुनीतरी मोबाईलवर दाखवलं त्याह्यला, की नावं लिवून नेतेत अन् मंग गाडीत घालून बॉर्डरपार धाडतेत. तवापासून दार लावून बसलेत. मानूस तेवढा मिलला जातो."

ती खोली मला माहिती होती. माझ्या तिसरीच्या वर्गातली रेहाना तिथे राहते. चार दिवस ती शाळेत आली नव्हती.

मी दार वाजवलं. मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, "कागज नहीं चाहिए, सिर्फ पूछना है." आत एक भांडं सरकलं, मग तेही बंद झालं. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, आज बंद करायचं आहे. उघडत नसतील तर घर बंद आढळलं म्हणून टाका अन् या."

तसं टाकलं असतं तरी मला कुणी काही म्हणालं नसतं. पण आत माणसं होती आणि ती मोजायची राहणार होती. मी तिथेच पायरीवर बसले. आणि मग, कसं सुचलं माहीत नाही, मी वर्गातल्या आवाजात हजेरी घ्यायला लागले.

"अनुष्का."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली.

"दीपाली. नंदिनी. पूजा."

प्रत्येक नावानंतर वर्गात थांबते तेवढी थांबले.

"रेहाना."

आतून खणखणीत आवाज आला, "हजर, बाई!"

मग आत कुणीतरी हसलं, आणि त्याच आवाजात रडलं. कडी निघाली.

रेहानाची आई दारात उभी होती, डोळे पुसत. मी आत बसले. तिला जन्माचं गाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि म्हणाली, "वो गाँव अब नहीं है. नदी में चला गया." मी जिल्हा लिहिला. भाषा बांगला लिहिली. रेहानाने स्वतःचं स्वतःच सांगितलं, "जन्म जालना, सरकारी दवाखाना." प्रत्येक उत्तर भरलं, की तिची आई मोबाईलकडे बघायची, आता काहीतरी होईल म्हणून. काही होत नव्हतं.

"बस? इतना ही?" तिने विचारलं.

"एवढंच."

ती भिंतीला टेकून खाली बसली. किती दिवसांनी टेकली असेल कोण जाणे.

एक माणूस राहिलं होतं. कोपऱ्यातल्या खाटेवर रेहानाची आजी. तिला ना हिंदी येत, ना मराठी. मी कोण, घरात हे काय चाललंय, तिला काहीच समजलेलं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "रेहाना, आजीला नाव विचार."

रेहाना तिच्या कानाशी वाकून बांगलात काहीतरी बोलली, बराच वेळ.

म्हातारी उठून बसली. डोक्यावरून पदर नीट घेतला. उजवा हात जेवढा वर जाईल तेवढा वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हजर."