मिलोयेचा लाल ट्रॅक्टर

बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर स्तामेन्को जुन्या ट्रॅक्टरांच्या नादी लागला. ज्यात कोंबड्या अंडी घालतात असलं गंजकं धूड ओढून आणायचं, नटन् नट सुटा करायचा आणि पुन्हा उभं करायचं. असे दोन त्याने उभे केले होते. एकावर स्वतःचं शेत नांगरायचा, दुसऱ्यावर माझ्या आलुबुखारांची पिंपं वाहायचा. मी त्याचा शेजारी. पाना धरायला आणि घरची राकिया, म्हणजे फळांची दारू, प्यायला रोज हजर.

तिसरा मिलोयेचा. अकरा वर्षांपूर्वी फवारणीच्या पाण्याचं पिंप घेऊन मिलोये बागेचा चढ चढत होता. ट्रॅक्टर बंद पडला, मागे घरंगळला आणि त्याला घेऊन ओढ्यात गेला. जुनं यंत्र, लोखंड दमलं, असं सगळे म्हणाले. त्याच्या भावाने, व्लायकोने, ट्रॅक्टर आपल्या गोठ्यात नेऊन ताडपत्रीखाली झाकला. स्तामेन्कोने किती वेळा मागितला, पण व्लायको विकेना. या वसंतात तो कामाला ऑस्ट्रियात गेला आणि त्याच्या बायकोने जागा अडते म्हणून ट्रॅक्टर स्तामेन्कोला देऊन टाकला.

पंधरा दिवसांत व्लायको परतला, तो थेट स्तामेन्कोच्या फाटकात.

"परत दे. भावाची आठवण आहे."

"आठवणीवर कोंबड्या बसवल्या होत्यास की रे!" स्तामेन्को हसला.

व्लायको हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. आत यायचा नाही. फाटकाला हात लावून उभा राहायचा आणि आम्ही काय सुटं करतोय ते बघायचा. "इंजिनच बघताय ना अजून?" एवढंच विचारायचा. स्तामेन्कोचा कुत्रा त्याला पिल्लू असल्यापासून ओळखायचा, पण तो आला की बाकाखाली जाऊन बसे.

नवव्या दिवशी स्तामेन्कोने ब्रेकच्या पेडलखालचा तुटका दांडा काढला. चिंधीने ग्रीस पुसलं आणि तुटलेलं टोक उजेडात धरलं.

"राडेन्को, इकडे ये. बोट फिरव."

मी फिरवलं. तुटलेलं टोक अर्ध्या जाडीपर्यंत सपाट होतं, त्यावर बारीक सरळ रेघा होत्या. उरलेलं अर्धं खडबडीत, फाटल्यासारखं.

"हे खडबडीत आहे ना, ते तुटलंय," तो म्हणाला. "आणि हे कापलंय. करवतीने."

मी मान वर केली तर व्लायको फाटकात. या वेळी तो आत आला. स्तामेन्कोने दांडा लपवला नाही, हातात तसाच धरून ठेवला. मी नकळत मोठा पाना उचलला.

व्लायको ट्रॅक्टरपाशी गेला आणि भावाच्या सीटवर चढून बसला.

"दुसऱ्या दिवशी मोजणीवाले येणार होते," तो म्हणाला. "त्याआधी ट्रॅक्टरने आमच्या दोघांमधला बांध खणून हद्दीचा दगड सरकवायचा मिलोयेचा बेत होता. म्हटलं, ट्रॅक्टर अंगणातच अडकून पडू दे. पहिल्यांदा ब्रेक दाबला की तुटेल असं वाटलं होतं. मला काय माहीत तो आधी फवारणीला जाईल?"

"जाताना दिसला नाही तुला?"

व्लायको पेडलकडे बघत राहिला. "दिसला."

"मग हाक का नाही मारलीस?"

व्लायकोने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. स्तामेन्कोचा आवाज इतका शांत झाला की मला त्याचीच भीती वाटली. "मला सांगून काय उपयोग? ऊठ. देसान्काला सांग."

देसान्का म्हणजे मिलोयेची बायको. आम्ही तिघे चालत गेलो, व्लायको मधे. ती अंगणात मिरच्या निवडत होती. त्याने सगळं सांगितलं.

"शवपेटीला खांदा दिलास तेव्हा माहीत होतं?" तिने विचारलं.

"होतं, वहिनी."

"दर वर्षी त्याच्या थडग्यापाशी माझ्याबरोबर मेणबत्ती लावलीस, तेव्हाही?"

त्याने मान डोलावली. ती उठली, आत गेली आणि तिने पोलिसांना फोन लावला. गाडी येईपर्यंत व्लायको अंगणात उभाच होता. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

तो आता तुरुंगात आहे. स्तामेन्कोने देसान्काला विचारलं, ट्रॅक्टर भंगारात टाकू का? ती म्हणाली, "नको. दुरुस्त कर. बाग माझी आहे, चढही माझाच आहे."

त्याने नवा दांडा स्वतः घडवला, बोटभर जाड. शरद ऋतूत देसान्का त्या ट्रॅक्टरवर बसून चढ चढली. मी खाली उभा होतो. अर्ध्या चढावर तिने मुद्दाम थांबवून ब्रेक दाबला आणि बराच वेळ तशीच थांबून राहिली. इंजिन धडधडत होतं. स्तामेन्कोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की आठवडाभर वळ राहिले.