माझ्या कानातला वसंताचा डग्गा

आयुष्यभर अंधेरीत रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. आवाज येतो म्हणजे कुठूनतरी तार आलेली असते, एवढाच माझा धर्म. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचले. आता स्वतःचा लिहितोय...

मुलुंड पूर्वेला आम्हा निवृत्तांचा जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद आहे. तालीम आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. तबल्यावर भांडुपचा वसंता, माझा तरुणपणापासूनचा मित्र. मीही तबला वाजवतो — म्हणजे वसंता चहाला उठला की मी बसायचो. गाणं संपलं की लोक गायिकेच्या आधी त्याच्याकडे बघायचे. मला ते बघवत नसे.

गेल्या वर्षी स्टेजवरचे स्पीकर शिट्ट्या मारायला लागले, म्हणून साउंड सांभाळणाऱ्या स्नेहाने सगळ्यांसाठी इन-इअर मॉनिटर आणले. कानात घालायचे, आपलं वाजवणं तिथेच ऐकू येतं. त्यांच्या पाठीत बेसची मॉड्यूल्स बसतात — शर्टाच्या बटणापेक्षा लहान, फिरवून बदलायची. लाल लावलं की खर्ज भरपूर, काळं लावलं की अगदी पातळ. वर झाकण बसलं की आतला रंग दिसत नाही. ज्याच्या त्याच्या कानाला जमेल ते बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे.

"लाल लाव रे. डग्गा पोटात लागला पाहिजे," वसंता म्हणाला.

घाटकोपरच्या कार्यक्रमाआधी मी त्याला दोन्हीकडे काळी बसवली.

डग्गा ऐकू येईना म्हणून तो जोरजोरात थापा मारायला लागला. आमच्या गायिका शुभाताईंचं गाणं त्यात बुडालं. मध्यंतरात तो माझ्याकडे आला. "डग्गा मेलाय कानात. बघ ना जरा."

मी कानाला लावल्यासारखं केलं. "झकास वाजतंय की! वसंता, तू कान तपासून घे एकदा."

शुभाताई बाजूलाच होत्या. "वय झालं हो आपलं, वसंतराव," त्या हळूच म्हणाल्या. पुढच्या तालमींनाही मी तेच केलं. वसंताला ऐकू येत नाही, हे सगळ्यांचं ठरून गेलं. मग तो आपणहून यायचा थांबला. जागा मला मिळाली.

पहिल्याच तालमीला, भर दुपारी, माझ्या कानात दोन डग्गे वाजले. एक माझा. दुसरा त्याच्या किंचित पुढे... मनगट सरकवून काढलेला, वसंताचाच तो लांब घुमारा. इतकी वर्षं बाजूला बसून ऐकलाय, चुकणार कसा? मी हात उचलले. तो वाजतच राहिला.

"काका, थांबलात का?" स्नेहाने विचारलं.

"दुसरा डग्गा कोण वाजवतंय?"

"दुसरा? अहो, डग्ग्याला माइकच एक आहे."

तिने रेकॉर्डिंग लावलं. त्यात फक्त माझा डग्गा होता, मध्येच थांबलेला. मी स्वतःच्या कानातलं लाल काढून काळं बसवलं. माझा डग्गा पातळ झाला... त्याचा नाही झाला. मॉड्यूलच काढून टाकलं, तरी तो तसाच भरलेला. त्यानंतर प्रत्येक तालमीला तेच.

शेवटी भांडुपला गेलो. वसंताने तबला कापडात बांधून माळ्यावर टाकला होता. घरी हातसुद्धा लावत नाही, वहिनी म्हणाल्या. मी त्याला सगळं सांगितलं. काळ्या मॉड्यूलचं आणि कानात येणाऱ्या आवाजाचंही. आवाजाबद्दल त्याने काही विचारलंच नाही. चिडला की तो मालवणीवर येतो.

"माका सांगून काय उपेग? ज्येंनी माका बहिरो ठरवलो, तेंका सांग."

आमच्या वाद्यवृंदातले सगळे हे सदर वाचतात, म्हणून इथे लिहितोय. शुभाताई, स्नेहा, सगळ्यांनीच ऐका — वसंताचे कान ठणठणीत होते. खोटं मी बोललो. रविवारी मी तबल्यावर बसणार नाही. त्याला बोलावून आणा.

तो आवाज कुठून येतो, ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्या तारा तपासल्या, काही सापडलं नाही. कालच्या तालमीतही तो होताच. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सरस होता. हे लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतंय.