माझ्या पट्टीत गा

मुरुडला मी गाणं शिकवते. गळा कसा जपावा हे सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. स्वतःचा आवाज तर मी तळहातावरच्या फोडासारखा जपला. लोणचं नाही, ताक नाही, फ्रीजचं पाणी तर नाहीच नाही. तरी पन्नाशीला वरचा सा मला सोडून गेला तो गेलाच.

आणि ही बया! रोज सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची, बर्फाचं पाणी गटागटा प्यायची आणि तळलेली मांदेली खाऊन माझ्या क्लासला यायची. पहिल्याच दिवशी तिने वरचा सा असा लावला की माझा पेटीवरचा हात थांबला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. देवाने द्यावं तरी कुणाला, असं मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

गाण्याची पट्टी ज्याच्या त्याच्या गळ्याला सोसेल ती घ्यायची. हिची सरळ सरळ पेटीची काळी पाच. माझी आता पांढरी तीन, बरीच खालची. शिष्याने गुरूच्याच पट्टीत गायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत. बाकीच्या मुलींसाठी मी ती कधीच सोडून दिली होती. हिच्यासाठी बरी आठवली!

"आवाज पातळ आहे तुझा. माझ्या पट्टीत गा. खालचे सूर जोर लावून घोट," मी म्हटलं.

"व्हय, मॅडम," म्हणाली, आणि दोन महिने इमानेइतबारे घोटत राहिली. तिचा वरचा सा ऐकू येईनासा झाला तसं, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायला लागलं.

मग एक दिवस ती घसा बसूनच आली. "माझं काय चुकतंय, मॅडम?"

"लिलावात ओरडतेस, दुसरं काय!" मी ताडकन म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ती हसत आली. लिलाव तिने जावेला देऊन टाकला होता. "गान्यापायी सोडला, मॅडम. आता तुमी सांगाल तसं."

घसा बसवला माझ्या पट्टीने, आणि हिने पोटापाण्याचा धंदा सोडला! मी तिला डॉक्टरकडे पाठवलं, गाणं बंद ठेवलं. महिन्याभराने तंबोरा काळी पाचला लावला आणि हलकेच गायला सांगितलं. वरचा सा आला. थोडा खरखरीत, पण आला.

डोळे पुसत तिने विचारलं, "आदी का न्हाय लावलात तंबोरा असा?"

"तुझा हेवा वाटला म्हणून."

"माझी जाऊ आता लिलाव परत देनार न्हाय," एवढंच ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

ती पायऱ्या उतरत होती. मी हाक मारायला हवी होती, माफी मागायला हवी होती. मी आत वळले आणि तोच सा माझ्या गळ्यातून निघतो का, ते बघत बसले.